जून महिन्याचा भाऊ

रविवार, १९ ऑक्टोबर २००८

संध्याकाळी शेतावर परत आलो. निघताना मधुमतीने भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वर म्हणाली, "आठवडाभर पाव खाऊन पोटाचं वाटोळं करू नका. आणि तिकडे काय चाललंय ते सांगत नाही, तर निदान लिहून तरी ठेवा." म्हणून हे लिहायला घेतलं.

लेस्टरची होजिअरी मिल बंद पडली तेव्हापासून मी मिनिबस चालवतो. आजवर शाळेची मुलं आणि दवाखान्यात जाणारे म्हातारे नेले. लिंकनशरमधलं हे काम वेगळं आहे. इथली माणसं सगळी रोमानियाची. पहाटे अंधारात त्यांना कॅराव्हॅनच्या तळावरून घ्यायचं, स्प्राउट्सच्या (इथली लिंबाएवढी कोबी) किंवा लीकच्या (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) वावरात सोडायचं, दिवस मावळला की परत आणायचं. मलाही तळावर राहायला एक जुनी कॅराव्हॅन दिली आहे. शनिवारी दुपारी घरी जायची सुटी.

त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच तुटकं, त्यामुळे कुणाला कुणाची लाज वाटत नाही. पुरुषोत्तम हे नाव त्यांच्या जिभेला पेलत नाही. ते मला 'नेआ पुरु' म्हणतात. नेआ म्हणजे आपल्याकडे काका म्हणतात तसं.

माझ्या मागच्याच सीटवर तांती लेनुत्सा बसते. तांती म्हणजे मावशी. वयाने माझ्याहून मोठी, डोक्याला रुमाल, हात सुतारासारखे. वाटेत ती तिच्या खोऱ्याबद्दल बोलत राहते. आलुबुखाराच्या बागा, घरापेक्षा मोठी लाकडी फाटकं, मध्ये खांब रोवून रचलेल्या गवताच्या गंजी, एका टोकाला दगड बांधलेल्या लांब लाकडाने पाणी उपसायची विहीर. मी तो देश पाहिलेला नाही आणि पाहीन असं वाटत नाही. पण रोज पहाटे या सपाट, काळ्या मुलखातून गाडी चालवताना तिच्या बोलण्यातून मी तिथे थोडा फिरून येतो.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आज दिवाळी. कॅराव्हॅनमध्ये विठोबाच्या तसबिरीपुढे पणती लावली. घरून आणलेल्या चकल्या संध्याकाळी गाडीत वाटल्या. इलिये म्हणून एक जण आहे, तिशी ओलांडलेला, लेनुत्साच्याच गावचा. त्याने चकली उजेडात धरून फिरवली आणि विचारलं, "नेआ पुरु, हे खायचं की पायात अडकवायचं?" सगळी गाडी हसली. नंतर त्यानेच चार खाल्ल्या.

इलिये सगळ्यात मागे बसतो. शेजारच्या सीटवर कुणाला बसू देत नाही. म्हणतो, "ही मारिनची. मार्चमध्ये येणार आहे." मारिन त्याचा थोरला भाऊ. दोघांचाही जन्म जूनमधला, हे तो इतक्यांदा सांगतो की मला पाठ झालं आहे.

चकलीच्या बदल्यात लेनुत्साने मला गोल पाव, मेणबत्ती आणि लोकरीचे पायमोजे दिले. म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या नावाने." तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मी दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. गाडीतली बडबड एकदम थांबली.

"तुला कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"आमच्याकडेही देतात. छत्री, चपला, तांब्या, अंथरूण."

"कुणाला?"

"घेईल त्याला."

"आणि घेणारे मिळतात?"

"हल्ली कमी."

"आमच्याकडेही कमी," म्हणाली. "सगळे घाबरतात." मग तिने मला घेणाऱ्याने म्हणायचा शब्द शिकवला, बोगदाप्रोस्ते. देव त्यांना क्षमा करो, असा काहीसा अर्थ. मी तो म्हटला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

इलियेचा भाऊ गेला. शनिवारी धरणाखालच्या नदीत मासे धरत होता, वरून पाणी सोडलं. आज दुपारी तिकडे माती दिली. बसने जायचं तर तीन दिवस लागतात, विमानाचंही जमलं नाही. माती देत होते त्या वेळी इलिये स्प्राउट्सच्या ओळीत उभा होता, हातात सुरी, पण कापत नव्हता.

संध्याकाळी सगळे चढले. इलिये शेवटी. आत चढून त्याने दार लगेच ओढलं नाही. हात दाराला तसाच ठेवून थांबला, मागून कुणी यायचं राहिलं असावं तसा. मग सावकाश लावलं. मी गाडी सुरू केली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चार दिवस धुकं आहे. इथलं धुकं खालून येतं, शेतांच्या कडेने जे सरळ खोल कालवे खणले आहेत त्यांच्यातून. गाडीचे दिवे दहा पावलांवर मरतात.

इलिये जेवत नाही. आज पहाटे तो अंथरुणात नव्हता. लेनुत्सा आणि मी शोधायला निघालो. तो कालव्याच्या काठावर अनवाणी उभा होता, पाण्याकडे तोंड करून. मी खांद्याला धरलं तर म्हणाला, "मारिनचे पाय ओले आहेत. तो म्हणतो, ये, मला एकट्याला गार लागतं."

परत येताना लेनुत्साने मला सगळं सांगितलं. त्यांच्या खोऱ्यात एका महिन्यात जन्मलेल्या भावांना चंद्राचे भाऊ म्हणतात; चंद्र आणि महिना यांना त्यांच्याकडे एकच शब्द. त्यांचं नशीब एका साखळीत असतं. एक गेला की तो दुसऱ्याला ओढतो. सहा आठवडे वाट बघतो, तेवढ्यात नेलं तर नेलं. यावर उपाय एकच. माती देण्याआधी जिवंत भावाचा पाय साखळीने मेलेल्याला बांधतात, आणि त्याच महिन्यात जन्मलेला दुसरा कुणी पुढे येऊन ती साखळी सोडवतो. म्हणतो, याला सोड, आजपासून तुझा भाऊ मी. मग मेलेला मागे वळून बघत नाही. पण इलिये तिथे नव्हताच. साखळी कुणी बांधली नाही आणि कुणी सोडवली नाही.

"मग आता?"

"आता इथे करायचं. माणूस मिळाला तर."

गाडी भरल्यावर तिने उभं राहून तिच्या भाषेत सगळ्यांना विचारलं. 'जून' एवढा शब्द मला कळला. एकाने छातीवर क्रूस काढला आणि खाली उतरून सिगारेट पेटवली. दुसऱ्याने कानात इअरफोन घातले. इलिये मागे मान खाली घालून बसला होता. त्याला घरी लहान मुलगी आहे. तिचा फोटो तो सुरीच्या म्यानात ठेवतो.

मी वळून म्हणालो, "मी जूनचा आहे. एक जून."

लायसन्सवर तेच, पासपोर्टवर तेच, मिलमध्ये आणि दवाखान्यात जन्मभर तेच सांगत आलो. लेनुत्साने विचारलं, "तू करशील?" आपल्याकडे मानलेले भाऊ असतातच. त्याने एका माणसाला झोप लागणार असेल तर माझं काय जातं? मी हो म्हणालो.

रविवार, ९ नोव्हेंबर

या आठवड्यात घरी गेलो नाही. मधुमतीला फोनवर सांगितलं, काम आहे. तिने विचारलं, "रविवारी कसलं काम?" मी म्हटलं, "देवाचं." ती हसली.

रोमानियाहून पार्सलं घेऊन येणारी एक बस गावातल्या कार पार्कमध्ये थांबते. तिच्यातून इलियेच्या आईने मारिनचे बूट पाठवले होते. दुपारी आम्ही कालव्याच्या काठावर गेलो. धुकं होतं, पण ऊन कुठेतरी वर असावं, कारण सगळं दुधासारखं उजळलं होतं.

साखळी म्हणून सायकलचं कुलूप होतं. इलियेचा उजवा पाय आणि मारिनचा एक बूट लेनुत्साने त्याने एकत्र बांधले. मेणबत्ती लावली. इलियेने विचारायचं, "मला लोखंडातून कोण काढील?" तीनदा. पहिल्या दोन वेळा मी गप्प राहायचं. ते गप्प राहणं अवघड होतं. त्याचा आवाज पाण्यावरून पलीकडे जायचा आणि परत यायला जरा जास्तच वेळ घ्यायचा.

तिसऱ्यांदा मी म्हणालो, "मी काढतो. मारिन, याला सोड. आजपासून मरेपर्यंत तुझा भाऊ मी." त्यांच्या भाषेत म्हणालो, लेनुत्साने घोकून घेतलं होतं. कुलूप उघडलं. किल्ली पाण्यात टाकली. ती पडल्याचा आवाज मला आला नाही.

इलिये गुडघ्यांवर बसून रडला. मग उठून मला मिठी मारली. "नेआ पुरु नाही आता," म्हणाला. "आता फ्राते." फ्राते म्हणजे भाऊ.

बूट लेनुत्साने माझ्या हातात दिले. ते आता माझे, घातलेच पाहिजेत. मी कपाळाला लावून घेतले. अगदी मापाचे निघाले. आतून ओलसर होते, पार्सल कुठेतरी पावसात राहिलं असेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

इलिये जेवतो. काल गायला सुद्धा. आता तो मागे बसत नाही, पुढे लेनुत्साच्या शेजारी, माझ्या पाठीशी बसतो. मागची रांग रिकामीच असते, तिथे कुणी जात नाही.

पहाटे गाडीत माणसं बसली की त्यांच्या श्वासाने काचा धुरकटतात. मागची काचही धुरकटते. खिडकीचं रबर गेलं असणार. मी रोज निघण्याआधी फडक्याने पुसतो.

मारिनचे बूट उबदार आहेत. पायमोजे मात्र संध्याकाळी ओले निघतात. एवढा घाम मला कधी येत नसे.

शनिवार, १५ नोव्हेंबर, लेस्टर

हे आजच लिहून ठेवतो.

दुपारी घरी आलो. देवयानी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. म्हणाली, "बाबा, गेस व्हॉट. नेक्स्ट जूनमध्ये तुझी फिफ्टीएथ आहे ना, मी आणि आईने बेलग्रेव्ह रोडवरचा हॉल बघितला. बिग पार्टी. तू नाही म्हणायची नाही."

मधुमती स्वयंपाकघरातून हसली. "एक जूनला? अगं, त्यांच्या अख्ख्या वर्गाची पार्टी करावी लागेल."

"व्हाय?"

"कारण सगळे एक जूनलाच जन्मलेत. गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट एक जून लिहिला. घरी तारीख कुणाला माहीत असायची?"

"व्हॉट! म्हणजे बाबाचा बर्थडे फेक आहे? ऑल धिस टाइम मी फेक बर्थडेला कार्ड केला?" ती उठून बसली. "सो रिअल कधी?"

मी भाकरी मोडत होतो. तुकडा तसाच हातात राहिला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण इतकी वर्षं एक जून, एक जून म्हणत आलो की तोंडाला ती तारीख आणि मनाला ती गोष्ट, यांची गाठच कधी पडली नव्हती. त्या दिवशी गाडीत तोंड बोललं.

म्हणजे कालव्याच्या काठावर जो उभा राहिला तो जूनचा नव्हताच. साखळी सुटलीच नाही. आणि इलिये सुटलो असं समजून निर्धास्त झोपतोय.

"अहो, दोन कप कशाला काढलेत?" मधुमतीने विचारलं. "माझा चहा झालाय मघाशी."

मी बघितलं. ओट्यावर दोन कप भरलेले होते. दुसरा कुणासाठी ओतला ते मला सांगता आलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी गावी अनुराधाअक्काला फोन लावला. माझ्या जन्माच्या वेळी ती दहा वर्षांची होती.

"अक्का, माझा जन्म कुठल्या महिन्यातला?"

"आरं, आता ह्या वयात कुंडली काढून लगीन करायचंय व्हय?"

"सांग ना."

"तू अधिकातला न्हवं का! अधिक श्रावण व्हता. बारा दिवस आधी गाय व्याली आन् मग तू. म्हणून तर आण्णांनी पुरुषोत्तम ठिवलं. तुझं नावच महिन्याचं हाय, तुला ठावं न्हाई?"

"इंग्रजी महिना?"

"जुलै-आगुस्ट आसंल. पाऊस लई व्हता. पन्नाशी तर तुझी हितल्या हितं होऊन गेली बाबा."

अधिक महिना. तीन वर्षांतून एकदा येणारा, कॅलेंडरात जागा नसलेला. लहानपणी अक्का गोष्ट सांगायची. बारा महिन्यांना बारा देव होते, याला कुणीच नव्हतं. सगळे त्याला मळका म्हणून हाकलायचे. तो रडत देवाकडे गेला. देव म्हणाला, तुला कुणी नाही ना, मग तू माझा. आणि आपलं नाव त्याला दिलं, पुरुषोत्तम. आण्णांनी तेच मला दिलं.

गोष्ट गोड आहे. पण जूनच्या मेलेल्या माणसाला तिचा काय उपयोग?

गुरुवार, २० नोव्हेंबर

सांगितलं नाही. रोज ठरवतो आणि रोज सांगत नाही.

आज इलियेने मुलीशी फोनवर बोलून झाल्यावर फोन माझ्या कानाला लावला. ती काहीतरी गाणं म्हणत होती. तो म्हणाला, "तुझ्यामुळे, फ्राते." हे ऐकल्यावर काय सांगू? सांगितलं तर पुन्हा कालव्याच्या काठावर जाईल. नाही सांगितलं तर बेसावध राहील, आणि सहा आठवडे अजून संपलेले नाहीत.

मागची काच आता कोरडी असते. धुरकटते ती मधल्या रांगेची, जिथे आपापल्या पिशव्या ठेवतात, माणूस कुणी बसत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज लेनुत्साच्या मागची काच. रबर तपासलं. चांगलं आहे.

तो पुढे येतोय. इलिये पुढे बसतो म्हणून तो एक एक रांग पुढे येतोय. मी खोटा भाऊ निघालो हे त्याला कळलं असणार. आज मी इलियेला म्हणालो, तू जरा मागे बसत जा. त्याला वाईट वाटलं. विचारलं, "मी काही चुकलो का?" तो मागे जाऊन बसला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

इलिये मागेच बसला होता. मागच्या काचा स्वच्छ.

पुढच्या, माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटखाली पाणी होतं. दोन लहान तळी, बुटांखाली साचतात तशी. कुणीतरी बाटली सांडली असेल.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

लेनुत्साला सांगितलं. दुपारी जेवणाच्या सुटीत बाकीचे वावराच्या कडेला बसले होते, ती गाडीत पाय शेकायला आली. मी सगळं एका दमात सांगितलं. गुरुजी, शाळा, एक जून. मला वाटलं ती ओरडेल.

तिने विचारलं, "मग तुझा महिना कुठला?"

मी अधिक महिना समजावायचा प्रयत्न केला. वर्ष पुरं पडत नाही म्हणून मध्ये घालतात, एरवी तो नसतो.

"या वर्षी आहे?"

"नाही."

"गेल्या वर्षी?"

"होता, पण वेगळ्या जागी."

तिने क्रूस काढला. हळू बोलली, "असा महिना आमच्याकडे नाही. नेआ पुरु, जो जूनचा तो जूनच्याच मेलेल्याचा भाऊ होतो. मार्चचा मार्चच्या. ज्याला महिनाच नाही त्याला..." आणि थांबली.

"त्याला काय?"

"त्याला कुणीही भाऊ म्हणू शकतं."

मी म्हणालो, "तांती, मला इलियेची काळजी आहे. मारिन त्याच्याकडे येतोय."

"इलियेकडे?" ती माझ्या पायांकडे बघत होती. बुटांकडे. "नाही. इलियेकडे नाही येत."

मग कुठे, ते तिने सांगितलं नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून जरा वेळ बसली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "तुझ्या मनाला लागलं असेल तर पुन्हा म्हण. खरं सांगून म्हण. आणि नको असेल तर बूट आज पाण्यात टाक, मी कुणाला सांगणार नाही."

बूट टाकले तर ते ओझं पुन्हा इलियेवर जाणार, एवढं तर मलाही कळतं.

ती उतरल्यावर मी गाडीत एकटाच होतो. पुढच्या काचेजवळ ठेवलेल्या विठोबाच्या लहान तसबिरीला नमस्कार केला. मग मराठीतच बोललो, घोकलेले शब्द आठवेनात. "मारिन, मी जूनचा नाही. चुकून बोललो, फसवायचं नव्हतं. ज्या महिन्याला कुणी नव्हतं त्याचा मी आहे, आणि त्यालाही देवाने आपलं म्हटलं. तुला आता कुणी नसेल तर तू माझा. इलियेला सोड. त्याची मुलगी लहान आहे."

बाहेर कुणीतरी हसलं, जेवणाऱ्यांपैकी. माझ्या शेजारची काच खालून वर हळूहळू पांढरी होत गेली. मी ती पुसली नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

मारिनचे सहा आठवडे झाले. तळावर जेवण होतं. शिजवलेल्या गव्हात साखर आणि अक्रोड घालून करतात, आपल्या खिरीच्या जवळचं. इलियेने पहिला घास मला दिला. तो तांबूस झालाय, गालांवर मांस आलंय. गाणी म्हटली, नाचायची लाज वाटत असूनही थोडं नाचला. त्याच्याकडे बघून मी मनात देवाचे आभार मानले.

मला हल्ली फार थंडी वाजते. हीटरसमोर बसूनही हात तापत नाहीत. वयाची पन्नाशी झालीच आहे म्हणा, अक्काच्या हिशोबाने.

जेवण झाल्यावर ज्याने त्या दिवशी कानात इअरफोन घातले होते तो आला. पाव आणि टोपी पुढे केली. "नेआ पुरु, आई गेली तेव्हा मी स्पेनमध्ये संत्री तोडत होतो. मातीला गेलो नाही. तिच्या नावाने." मी लेनुत्साकडे बघितलं. तिने मान फिरवली. माझ्या महिन्याचं तिनेच सांगितलं असणार.

मी दोन्ही हातांनी घेतलं. बोगदाप्रोस्ते.

त्याच्या मागे आणखी एक होता. त्याच्यामागे दोघी बहिणी, वडिलांचा मफलर घेऊन. मग सिगारेटवाला. या माणसांची घरं अर्धी रिकामी आहेत आणि ती सगळीकडे दुसऱ्यांची शेतं तोडत फिरतात. प्रत्येकाची कुठली ना कुठली माती चुकलेली. मग काय करायचं, नाही म्हणायचं? लहानपणापासून शिकलो ते एवढंच, कुणी देवाच्या नावाने हात पुढे केला तर मागे घेऊ नये.

मंगळवार, २३ डिसेंबर, लेस्टर

आज इलियेचा फोन आला. सुखरूप पोचला. आईच्या घरी मारिनच्याच खाटेवर झोपला आणि सलग झोपला. म्हणाला, "फ्राते, इथे आता सगळं शांत आहे. फाटकापाशी कुत्रा भुंकायचा, तोही थांबला." लेनुत्साकडेही तसंच आहे म्हणे. पूर्ण गावातच यंदा शांत वाटतंय, असं लोक बोलतात. मुलीने पुन्हा गाणं म्हणून दाखवलं. मला फार बरं वाटलं. हे सगळं ज्यासाठी केलं ते झालं.

शनिवारचं लिहायचं राहिलं होतं. त्यांना बसवर चढवून दिलं. मधुमतीला फोन केला की संध्याकाळपर्यंत येतो, आणि रिकामी मिनिबस घेऊन निघालो. लेनुत्साने निरोप घेताना माझ्या पायाला हात लावला. असं त्यांच्याकडे करत नाहीत, माझ्याकडूनच बघितलं असणार.

गाडी चढाला दम खात होती. त्या मुलखात चढ तो कसला, पुलाचे उंचवटे, पण तिथेही गिअर खाली घ्यावा लागला. ब्रेक लावला की थांबायला वेळ घ्यायची, जशी भरलेली असली की घेते. रिकामी गाडी अशी चालत नाही. टायरमध्ये हवा बघितली, बरोबर होती.

स्टॅमफर्डच्या पुढे काचा धुरकटायला लागल्या. आधी माझ्या शेजारची, मग मागची, मग सगळ्याच. आरशात काही दिसेना. मी बाजूला थांबलो आणि फडकं घेऊन एक एक काच पुसत गेलो. पुसली की पुन्हा धुरकटायची. शेवटी नाद सोडला. गाडीत म्हणालो, "लेस्टरला सगळ्यांनाच उतरायचंय ना? मग नीट बसा, हळू जातो." बोलल्यावर मलाच हसू आलं.

घरासमोर गाडी लावली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. मधुमतीने दार उघडलं, गरम भाताचा वास आला. देवयानी जिन्यावरून ओरडली, "बाबा आला!" मी आत पाऊल टाकलं आणि हात दारावरच ठेवून थांबलो.

"अहो, दार लावा," मधुमती म्हणाली. "केवढी थंडी आत येतेय."

"हो, लावतो," मी म्हटलं. सगळे आत येईपर्यंत थांबलो, मग लावलं.